शांत झालेली कास

टेबलावरच्या शेळीची कास लोण्यासारखी मऊ होती. गुलाबी, निवांत, कुणीही कौतुकानं हात फिरवावा अशी. डॉ. ऊर्मिला थिटे यांनी ती सुरीनं उभी चिरली आणि आतला काळा, कुजका लगदा ट्रेमध्ये ओघळला. शवविच्छेदन कक्षातले पंखे जोरात चालू होते, तरी डॉ. निरंजन बोऱ्हाडेला नाकाला रुमाल लावावा लागला.

"सकाळी लक्षण काय होतं?" बाईंनी विचारलं. निरंजन त्यांचा जुना विद्यार्थी. आता याच केंद्रात त्यांच्या बरोबरीचा.

"काहीच नाही, बाई. दूध रोजच्याइतकं, ताप नाही, चाचणी स्वच्छ. जरा सुस्त होती, एवढंच. दुपारी मेली."

पठारावरच्या या शेळी संशोधन केंद्राचा कासदाह हा जुना वैरी. गावठी बोलीत त्याला दगडी म्हणतात. जंतू सडातून, म्हणजे कासेच्या बोंडातून, आत शिरतात, कास तापते, दगडासारखी होते, दुधात गाठी येतात आणि चांगली दुभती शेळी खाटकाच्या दारी जाते. त्यावर निरंजननं उतारा शोधला होता. त्याचं नाव 'शांतक'. हा प्रयोगशाळेत घडवलेला एक निरुपद्रवी जीवाणू होता. सडाच्या नळीत एकदा सोडला की तो तिथंच घर करी, रोगाच्या जंतूंना मारणारं द्रव्य गाळी आणि शिवाय कासेला सूज येऊ देत नसे. दूध तयार करणाऱ्या पेशींची नासाडी जंतूंपेक्षा सुजेनंच जास्त होते, असा निरंजनचा सिद्धान्त होता. तो चूकही नव्हता. शांतक आला आणि दगडी दिसेनाशी झाली. सुंठीवाचून खोकला गेला, असं म्हणत संचालकांनी पेढे वाटले. आपल्याकडे पेढ्यांची घाई फार.

"सूज म्हणजे रोग नव्हे रे," हातमोजे उतरवत ऊर्मिलाबाई म्हणाल्या. "सूज ही शरीरानं मारलेली हाक असते. ती ऐकून पांढऱ्या पेशी धावून येतात, मारामारी होते, म्हणून अंग तापतं, दुखतं. आपली चाचणी तरी काय करते? दुधात साबणाचं द्रावण घालायचं. पांढऱ्या पेशी असल्या की दूध शेंबडासारखं घट्ट होतं. त्या आल्याच नाहीत तर?"

"तर चाचणी स्वच्छ."

"जंतू तुझ्या शांतकाच्या विषाला सरावले. पण त्याचं दुसरं काम चालूच राहिलं. चोर घरात शिरलेत आणि तू कुत्र्याचं तोंड बांधून ठेवलंयस."

निरंजन गोरामोरा झाला. "पण ही प्रयोगातली नव्हतीच. हिच्या सडात मी शांतक सोडलेला नाही."

"हिच्या आईच्या सडात सोडलास. ही करडू असताना आईला प्यायली. शांतक आता आतड्यात राहतो आणि त्याचं सूज दाबणारं द्रव्य साऱ्या अंगात फिरतं. काल मेलेल्या करडाच्या गुडघ्यात असाच काळा लगदा होता, निरंजन. सूज नाही, लंगडणं नाही. हुंदडत होतं ते."

"माणसांना तरी धोका नाही," तो घाईघाईनं म्हणाला. "दूध उकळलं की शांतक मरतो. मी परवान्याच्या अर्जातच तसं लिहिलंय. आपल्याकडे कच्चं दूध पितं कोण..."

वाक्य तिथंच थांबलं.

त्याच्या परसात पहिल्या प्रयोगातली चांदी नावाची शेळी होती. लेकरानं सकाळी शेळीच्या सडाखाली तोंड धरायचं, ही त्याच्या घराची पिढीजात रीत. धारोष्ण दुधासारखं औषध नाही, असं त्याचे आजोबा म्हणत आणि तोही म्हणे. त्याची सहा वर्षांची मुलगी जाई उकिडवी बसून आ करायची, तो नेम धरून धार सोडायचा. शेवटची धार मुद्दाम नाकावर. मग दोघंही हसायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! चांदी आल्यापासून जाईला एकदाही ताप आला नव्हता. हे तो पाहुण्यांना अभिमानानं सांगायचा आणि त्याची बायको मीनल दृष्ट लागेल म्हणून मीठमोहऱ्या उतरवायची.

त्यानं घरी फोन लावला. "जाई कशी आहे?"

"बरी आहे की. का हो?" मीनल म्हणाली.

"ताप?"

"तिला कधी येतो ताप? परवा बाभळीचा काटा गेला पायात, चांगला खोल, पण सुजलासुद्धा नाही बघा. आज शाळेत नाही पाठवली. जरा सुस्त आहे."

निरंजननं टेबलावरच्या शेळीकडे पाहिलं आणि तो गाडीकडे धावला. ऊर्मिलाबाई मागोमाग निघाल्या. जाईला दवाखान्यात पोचवून त्या तिच्या रक्ताचा नमुना घेऊन केंद्रात परतल्या. त्यात शांतकाचं द्रव्य आहे का, हे सकाळपर्यंत कळणार नव्हतं.

बालरोगतज्ज्ञ डॉ. पटवेकरांनी पाय उलटासुलटा करून पाहिला. "ताप नाही, सूज नाही, लाली नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशीही वाढलेल्या नाहीत. थोडी दमलीय. प्रतिजैविक लिहून देतो, सकाळी बघू."

"सकाळपर्यंत ती राहायची नाही. पाय चिरा, डॉक्टर. आत सडलंय."

"कशावरून म्हणता?"

कशावरून? कसलाच पुरावा नव्हता, हाच त्याचा पुरावा होता.

"बोऱ्हाडे, काही दिसत नसताना मी पोरीच्या पायाला सुरी लावू?"

"दिसणार नाही! ते दिसू नये अशी सोय मीच केलीय."

त्यानं शांतकाची सगळी हकिगत सांगितली, तरी वेड्याचं ऐकावं तशी ती ऐकून पटवेकर रक्ताच्या अहवालावरच अडून बसले. निरंजन खाटेपाशी गुडघ्यांवर बसला. त्यानं जाईचं पाऊल हातात घेतलं आणि काटा गेला होता तिथं अंगठा दाबला. आधी हळू, मग जोरात, मग सगळी ताकद लावून. आपली मुलगी कळवळून ओरडावी, असं त्याला जन्मात पहिल्यांदा वाटत होतं.

"दुखतंय ना, बाळा? खरं सांग. दुखतंय ना?"

जाईनं जड डोळे उघडले. बाबा रडताहेत हे पाहून तिनं त्याच्या गालाला हात लावला. हात गार होता.

"नाही बाबा," त्याची समजूत काढत ती म्हणाली. "मुळीच नाही दुखत."