ओली तोफ

यंदाच्या रमजानात खमीस तोफेला कुणालाच हात लावू देत नव्हता. नळी तोच पुसायचा, दारू तोच भरायचा, सूर्य बुडाला की बत्ती तोच द्यायचा, मग खालचं गाव रोजा सोडायचं. आज त्याचा खांदा धरला, म्हणून त्याने धाकट्या पोराला, जलालला, नळी पुसायला बुरुजावर बोलावलं.

बुरूज तुर्कांनी बांधला, फ्रेंचांनी त्यात कैदी कोंडले, आता तिथे लष्कराचं संग्रहालय आहे. गंजक्या तलवारी आणि दारात एक फलक : ‘या बुरुजाची नजर समुद्रावरून कधी हटली नाही.’ निवृत्त हवालदार खमीस तो पाहुण्यांना छाती फुगवून वाचून दाखवायचा.

गेल्या रमजानातल्या एका संध्याकाळचा फलक मात्र कुणी लावला नाही. गाव म्हणतं, त्या दिवशी खमीसला सिगारेटची तलफ आवरली नाही आणि उजेड असतानाच तोफ उडाली. खाली खडकाआड परदेशी पळणाऱ्या पोरांची होडी याच आवाजाची वाट बघत होती. एरवी तोफ होते तेव्हा अंधारत असतं, गस्तीवाले जेवायला बसतात. त्या दिवशी गस्तीची बोट अजून पाण्यातच होती. तिला चुकवताना होडी उलटली. त्यात जलालचा थोरला भाऊ वज्दी गेला. गावातली म्हातारी मंडळी महिनाभर भांडली. पोरांवरून नाही, वेळेआधी सुटलेला त्या दिवसाचा रोजा धरायचा की नाही यावरून.

आज तशाच होडीत जलालची जागा होती. दुपारी दोस्त हातमने त्याला खिशातला निळा रुमाल दाखवला होता, गाठ मारलेला. “आईने खजूर बांधून दिलेत. तिला वाटतंय मावशीकडे चाललोय.”

नळी पुसायची आणि तोफेआधी खाली उतरायचं, एवढंच जलालच्या डोक्यात होतं.

“बाबा, मी लवकर निघतो. हातमकडे जेवण आहे.”

“शाळा सोडलीस, आता घरचं जेवणही सोड. आधी पूस.”

जलालने काठीला बांधलेला बोळा आत घातला. बाहेर आला तो चिंब. महिनाभर पाऊस नव्हता, नळीच्या तोंडाला चामड्याची टोपी होती. बोळ्याला शेवाळाचा वास येत होता. आणि त्याला एक खजुराची बी चिकटली होती.

खमीसने ती उचलून तटाबाहेर फेकली. रोजचं काम असल्यासारखी.

“बाबा... हे रोज निघतं?”

“पूस म्हटलं ना.”

तेवढ्यात तोफ झाली.

हादरा पायाखालून गेला. जलालने तोफेकडे पाहिलं. नळी रिकामी, ओली. बापाच्या हातात न पेटलेली काडी. सूर्य अजून पाण्याच्या वर होता.

“मी नाही दिली बत्ती,” खमीस पुटपुटला.

“गेल्या वर्षीही हेच म्हणालात.”

गावात भांड्यांचा आवाज सुरू झाला. खडकाआड इंजिन खोकलं. जलाल तटावर ओणवा होऊन ओरडला, पण वारा तोंडावर होता. होडी उजेडात बाहेर पडली. पुढच्या टोकाला हातम उभा, वर बघून हात हलवत होता. ये म्हणत होता, की निरोप घेत होता, कळेना. डावीकडे, भूशिराशी, गस्तीची बोट वळत होती.

“आता खऱ्या वेळेला तरी उडायला हवी,” बाप मागून म्हणाला. “परत पूस.”

“तिकडे पोरं मरतील, बाबा.”

“पूस...”

जलालने रागाने काठी आत खुपसली. मऊशार कशाला तरी अडली. त्याने ओढून काढली. बोळ्यासोबत एक निळा रुमाल आला, पाणी गळत असलेला. गाठ तशीच.

खमीसने तोंड फिरवलं.

जलालने समुद्राकडे पाहिलं. होडी अजून तरंगत होती. हातम हात हलवायचा थांबला होता. तो खिसे चाचपत होता. आधी एक, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.