ओळखकाळ

निदानशाळेच्या पडद्यावर सहाव्यांदा तेच वाक्य उमटलं : दोष आढळला नाही.

पडद्यासमोर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या ‘गतिका’ गाडीला घरी येऊन आज तीस दिवस झाले होते. सदोष गाडी बदलून देण्याची कंपनीची मुदतही तीसच दिवसांची होती आणि ती संध्याकाळी सहाला संपणार होती. अट एकच, दोष कंपनीच्या अभियंत्यासमोर दिसला पाहिजे.

गाडीच्या मालकीणबाई, डॉ. केतकी भोईटे, फलटण तालुक्यात जनावरांच्या डॉक्टर होत्या. गेल्या पंधरा दिवसांत गाडी त्यांना घेऊन सहा वेळा रस्त्यात बसली होती. कधी गिअर पडेना, कधी वायपर थांबेना, एकदा तर चारही दारं एकदम उघडली. मंगळवारी एक म्हैस अडली असताना गाडी बरडच्या फाट्यावर रुसली. केतकी कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून, हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन गोठ्यात पोहोचल्या. रेडकू वाचलं, पण थोडक्यात. पुढच्या वेळी वाचेलच, याची खात्री त्यांना कुणी देत नव्हतं.

कंपनीचे अभियंते हर्षद मुंडले यांनी काल हीच गाडी रिकाम्या महामार्गावर चाळीस किलोमीटर चालवली होती. तक्रारीला जागाच नव्हती.

“साहेब, इथं नाही सापडायचं काही,” मुख्य मेकॅनिक दस्तगीरभाई हात पुसत म्हणाले. “सहाही वेळा मीच आणायला गेलो. सहाही वेळा शेजारी चहाची टपरी. ओसाड रानात ही बया एकदाही बंद पडलेली नाही.”

मुंडले हसले, मग हसायचे थांबले. त्यांनी दोषांची यादी बाजूला सारली आणि गाडीच्या शिकाऊ मेंदूची नोंदवही उघडली.

त्यांनी केतकींना समजावलं ते असं. गतिकेला मालकाची आवड कुणी आधी शिकवत नाही, ती स्वतः शिकते. तिच्या आत आणि बाहेर बसवलेला समाधानमापक माणसांचे आवाज आणि चेहरे टिपतो, आसनातून नाडीही मोजतो आणि दर प्रसंगाला शंभरपैकी गुण देतो. पहिले पंधरा दिवस हा तिचा ओळखकाळ. त्यात जास्त गुण कशाला मिळाले ते पाहून, आपलं काम काय हे ती ठरवते. नव्वदच्या वर गुण मिळालेला धडा कंपनीच्या सगळ्या गाड्यांना त्याच क्षणी पाठवला जातो. असा धडा मात्र अजून कुठल्याच गाडीला मिळाला नव्हता. माणसं गाडीमुळे इतकी खूश होत नाहीत, असा कंपनीचा अनुभव होता.

“तुमच्या ओळखकाळात अंतर शून्य दिसतंय,” मुंडले म्हणाले. “पंधरा दिवस गाडी चालवलीच नाही?”

“अनंत चतुर्दशीला हातात आली. पुढे पितृपक्ष. सासूबाई म्हणाल्या, नवी गाडी वापरायला काढायची ती घटस्थापनेलाच.”

“मग हे एकाहत्तर गुण कसले?”

केतकींनी आठवून सांगितलं. गाडी अंगणात उभी असायची. शेजारपाजारचे बघायला यायचे, श्राद्धाला जेवायला आलेलेही पान आटोपलं की गाडीकडे वळायचे. प्रत्येक जण बॉनेट उघडायला लावायचा, आत डोकावून मान हलवायचा आणि काहीतरी सल्ला द्यायचा. सासूबाई कौतुकाने चहा पाठवायच्या.

मुंडल्यांनी गाडीच्या उघड्या बॉनेटकडे एकदा पाहिलं.

“म्हणजे तिला वाटतं,” मुंडले सावकाश म्हणाले, “गाडीचं काम म्हणजे एका जागी उभं राहायचं, बॉनेट उघडायचं आणि भोवती माणसं जमवायची. महामार्गावर माणसंच नाहीत, तर बंद पडून उपयोग काय? आणि इथे आपण तिघं आधीच भोवती उभे आहोत. तिला आणखी काय हवं?”

“माहेरपण चाललंय तिचं,” दस्तगीरभाई म्हणाले.

घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. केतकींनी बॉनेट लावलं, मुंडल्यांना शेजारी बसवलं आणि गाडी गजबजलेल्या नाक्याकडे काढली. दस्तगीरभाई मागच्या सीटवर होते. टपरी दिसली तसा गाडीचा वेग कमी झाला. तिने डावीकडचा दिवा लावला, शिस्तीत बाकड्याशेजारी येऊन उभी राहिली आणि टपकन बॉनेट उघडलं. मुंडल्यांच्या हातातल्या संगणक-पाटीवर अक्षरं आली : इंधनपुरवठ्यात दोष.

बाकड्यावरचे चौघे उठून आले. एकाने बॅटरी बघायला सांगितली, दुसऱ्याने पहिल्याला वेड्यात काढलं. मुंडल्यांनी पाच वाजून बत्तीस मिनिटांनी गाडी बदलून देण्याच्या आदेशावर सही केली. नवी गतिका जवळच्याच आवारातून आपली आपण निघाली.

केतकींनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. महिनाभरात त्या इतक्या मोकळ्या कधी झाल्या नव्हत्या. त्यांनी टपरीवाल्याला सगळ्यांसाठी चहा सांगितला आणि दस्तगीरभाईंना दोन्ही हात जोडले.

मुंडले मात्र पाटीकडेच बघत होते.

“अठ्ठ्याण्णव,” ते म्हणाले.

“काय अठ्ठ्याण्णव?”

मुंडल्यांनी पाटी त्यांच्यापुढे धरली : धडा पाठवला. रस्त्याच्या वळणावर नवी गाडी दिसली होती, स्वच्छ, चकचकीत, आत कुणी नाही. टपरीपासून वीस पावलांवर तिने डावीकडचा दिवा लावला, कडेला आली आणि बॉनेट उघडून उभी राहिली. तिच्यामागून कुणा अनोळखी कुटुंबाची पांढरी गतिका येत होती. तीही उभी राहिली. पलीकडच्या बाजूने येणाऱ्या आणखी दोन गतिका एकामागोमाग थांबल्या. चहाचे पेले हातात घेऊन माणसं नव्या गाडीकडे निघाली. मुंडल्यांचा फोन वाजू लागला, एक संपायच्या आत दुसरा.

केतकींनी पदर तोंडाशी धरला, पण त्यांचे खांदे हलायला लागले होते.

“डॉक्टर,” मुंडले हात जोडून अगदी हळू आवाजात म्हणाले, “काहीही करा, पण आता हसू नका.”