मागे पाहणारा धुरकरी

मोटार बंद पडली तेव्हा आरमोरी अजून दोन कोस होती. नवे हिरवे लुगडे नेसलेल्या वच्छलेच्या हातात नेमणुकीचा कागद होता : आज बाराच्या आत शाळेत हजर व्हा, नाहीतर जागा दुसरीला! तेवढ्यात घुंगरं वाजवत एक दमणी, दोन बैलांची हलकी गाडी, आली. शंकरपटाच्या शर्यतीत दोनदा पहिले आलेले बैल, आणि त्यांना हाकणारा धुरकरी मुखरू. त्याचे डोळे तर... वच्छलेने चटकन नजर वळवली आणि कागद दाखवून अडचण सांगितली.

"बसा बाई. बाराच्या आत पोचवतो."

"लय उपकार होतीन, भाऊ."

"भाऊ नोका म्हनू," तो हळूच म्हणाला. "बाकी काईबी म्हना."

थोडे पुढे चाक खड्ड्यात अडले आणि ती धपकन त्याच्या पाठीवर आदळली. कानापर्यंत लाल झालेली मास्तरीण काय करणार? तिने शास्त्र काढले.

"याले जडत्व म्हनतेत. गाडी थांबली, तरी आंग चालतच राह्यते."

"अन् मन?" मुखरूने मान पुरती मागे वळवली.

"मनाचं पुस्तकात नाई... समोर पाहा ना!"

"समोर बैल पाहून राह्यले. त्यायले रस्ता मालूम हाय."

मग धूर वरच काऊन जाते, दव कुठून येते — प्रश्नांना अंत नव्हता, आणि गडी पुढे वळायचे नाव घेईना. वच्छलाही रंगली. इतके मन लावून तिचे आजवर कोणी ऐकलेच नव्हते.

बैल थांबले. समोर शाळा नव्हती, सारवलेले अंगण होते. बैल सवयीने थेट घरी आले होते! नवरी दारात आली की बैलांच्या खुरांवर पाणी घालायची त्या घरची रीत. दमणीतले हिरवे लुगडे पाहून मुखरूची माय सुगंधाबाई तांब्या घेऊन धावली आणि पाणी ओतून मोकळीही झाली.

"अवं माय, थे मास्तरीन हाय!"

"मंग? मास्तरनीचं लगन होत नाई का?"

वच्छलेला हसू फुटले आणि त्याच दमात रडूही. "माही नोकरी..."

मुखरूचा चेहरा उतरला. "चूक माही. घट धरा!" त्याने पटातली आरोळी ठोकली आणि बैल वारा प्यायल्यासारखे सुटले. आता त्याने एकदाही मागे पाहिले नाही. नवल म्हणजे, वच्छलेला ते मुळीच आवडले नाही.

बाराचा पहिला टोल पडायला आणि तिचा पाय शाळेच्या पायरीवर पडायला एकच गाठ पडली. कागद हेडमास्तरांच्या हाती देऊन ती धावतच फाटकाशी परतली. मुखरू अजून तिथेच उभा होता.

"शनिवारी अर्धी शाळा असते. दमणी आनसान?"

"आनतो ना! कुठी जायाचं?"

"कासरा सैल सोडा अन्... मांगं पाहत बसा," ती म्हणाली. भाऊ मात्र म्हणाली नाही. "बैलायले रस्ता मालूम हाय."