सातव्या सेन्सरचा ठावठिकाणा

"आज चार वाजता माझ्या हातात बडतर्फीचं पत्र पडणार आहे," वायरवाली म्हणाली, "आणि माझं काहीही चुकलेलं नाही."

भाऊजींनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं. समोर वहिनी डोळे मिटून बसल्या होत्या. परक्याला वाटावं, बाईंना डुलकी लागली. पण आठ वर्षं वहिनींच्या तपासात वही धरणाऱ्या भाऊजींना ठाऊक होतं, की अशा वेळी त्यांचे कान भलतेच तिखट होतात.

वायरवाली औषधांच्या शीतगृहात नेटवर्क सांभाळायची. कंपनीची अशी सात शीतगृहं. प्रत्येकात एक सेन्सर, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा टिपणारी पुस्तकाएवढी पेटी. ती पेटी इंटरनेटवरच्या एका सेवेला जोडायची असते. मग कुठल्या कॉम्प्युटरचं कुलूप कच्चं आहे, ते सेवा तिच्या साहेबांना कळवते. सहा सेन्सर आधीच जोडलेले होते. सातवा तिने सोमवारी जोडला. बुधवारी कुणीतरी बाहेरून नेटवर्कमध्ये शिरलं, थंडाव्याची यंत्रणा बंद पाडली आणि लशींचा अख्खा साठा वाया गेला.

"साहेब म्हणतात, सेन्सर जोडलाच नव्हता, मी खोटं बोलतेय. एकदा हा शिक्का बसला की मला दारात तरी कोण उभं करेल?"

"जोडलात कसा?" वहिनींनी डोळे न उघडताच विचारलं.

"साहेबांनी फोनवर सेन्सरचं नाव सांगितलं. ऐकलं तसं वहीत लिहिलं, वहीतून पेटीत घातलं. अक्षरन् अक्षर! लगेच हिरवा दिवा लागला."

"फोनवर आणखी काय ऐकू आलं?"

"मागे लांबून कुणीतरी ओरडत होतं. टीव्ही असेल."

भाऊजींनी तिची वही वाचली. 'के, एन, सात, ओ. सोमवार, साडेनऊ.' अक्षर छान होतं, एवढंच त्यांच्या लक्षात आलं.

वायरवाली दोघांना शीतगृहात घेऊन गेली. तिथला राखणदार कपाळाला आठ्या घालूनच भेटला.

"दिवा? सोमवारपासून हिरवाच. बुधवारी सगळं बंद पडलं, तेव्हाही हा आपला चालूच!"

"तुम्ही पेटीला हात लावलात?"

"मी बायकोच्या मोबाइलला हात लावत नाही, बाई. ह्याला कशाला लावीन?"

भाऊजींनी वहिनींना बाजूला घेतलं. "हाच तो! किल्ली ह्याच्याकडे. ह्यानेच वायर काढली असणार."

"मग दिवा हिरवा कसा राहिला?"

"तो म्हणतो म्हणून."

"आत्ताही हिरवाच आहे, भाऊजी. तुमच्या कोपराशी."

भाऊजींनी कोपर आवरलं. वहिनी वायरवालीकडे वळल्या. "हिरवा म्हणजे नक्की काय?"

"पेटीचं सेवेशी बोलणं चालू आहे."

"आणि सेवा नाव तपासून घेते?"

"छे. देऊ ते नाव लावून घेते."

वायरवालीला शीतगृहातच ठेवून दोघं साहेबांकडे गेले. ते घरूनच काम करत होते. त्यांनी कॉम्प्युटर फिरवून दाखवला.

"हे बघा, माझ्या यादीत सहा. कुठाय सातवा?"

"कोपऱ्यात 'जोडलेले: सात' लिहिलंय," भाऊजी म्हणाले.

"सात जोडायचे ठरलेत ना, तो आकडा असेल."

आतून हाक आली, "अरे बाबू!"

"ओ! आलो गं आई!" मान न वळवता साहेब ओरडले आणि पुढे बोलू लागले, "मी तिला स्वच्छ सांगितलं होतं. के-एन-सात. संपलं."

वहिनींनी डोळे उघडले. "सोमवारी सकाळीही आई घरातच होत्या?"

"पायाचं हाड मोडलंय. दीड महिना पलंगावर आहे. जाणार कुठे?"

"सोमवारी यादी पाहिलीत?"

"गुरुवारी. आईचं सगळं मीच करतो हो."

"वायरवालीला बोलवा," वहिनी म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता."

ती आली तेव्हा तीन वाजले होते. पत्र टेबलावर तयार होतं. तिने त्याच्याकडे बघणंच टाळलं.

"इथे कुणीच खोटं बोललं नाही," वहिनींनी सुरुवात केली, "म्हणून तर घोळ सापडेना. दिवा हिरवा, म्हणजे सेन्सर जोडलेला होता. सेवेने मोजलेही सात. पण यादीत सहाच, म्हणजे सातवा दुसऱ्याच नावाने नांदतोय. भाऊजी, आईने हाक मारली की लेक काय देतो?"

"ओ देतो. त्यात काय एवढं..." भाऊजींनी घाईघाईने वही उघडली. "अरेच्चा! के, एन, सात... ओ!"

"तिने ऐकलेला टीव्ही म्हणजे आई. साहेबांनी ओ दिली ती आईला, आणि हिने ती सेन्सरला लावली. साहेब, तुमच्या यादीत न बसणारा सेन्सर कुठे जातो?"

साहेबांनी यादीच्या तळाशी क्लिक केलं. तिथला 'इतर' नावाचा कप्पा त्यांनी आजवर कधी उघडलाच नव्हता. आत एकच सेन्सर होता. के-एन-सात-ओ. खाली इशारे. पहिला सोमवारचा, नऊ चाळीसचा: थंडाव्याच्या कॉम्प्युटरचं कुलूप कच्चं.

"दोन दिवस आधी," साहेब पुटपुटले. "सोमवारी नुसतं बघितलं असतं, तरी..."

"साहेब, खाली दुसराही आहे!" वायरवाली पुढे झुकली. "औषधवाटपाचा कॉम्प्युटर. अजून उघडाच आहे! सरका, मला बसू द्या."

ती त्यांच्याच खुर्चीत बसली. पस्तीस मिनिटं तिची बोटं कीबोर्डवर चालत राहिली. मग तिने मान वर केली. "झाला बंद."

साहेबांनी मालकांना फोन लावला. "पत्र माझ्या नावाने काढा. तिने काम चोख केलं होतं, मीच बघितलं नाही." टेबलावरचं पत्र त्यांनी फाडलं, तेव्हा कुठे वायरवालीला रडू फुटलं. चार दिवस तिने ते दाबून धरलं होतं.

डोळे पुसून तिने पुन्हा कीबोर्ड ओढला. "नाव दुरुस्त करूया. सांगा, साहेब."

"के," साहेब म्हणाले. "एन. सात."

"अरे बाबू!" आतून हाक आली.

साहेबांनी तोंड उघडलं आणि गच्च मिटलं. वायरवालीची बोटं हवेतच थांबली.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "आत जाऊन तुम्ही ओ द्या."