उसनी टोचणी

मधल्या सुट्टीची घंटा झाली, द्राक्षवेल विद्यालयाच्या व्हरांड्यात डबे उघडले, आणि बघता बघता बंदही झाले. मुलं उभ्या उभ्याच जेवत होती. घास धड चावलाही जात नव्हता. कुणी कुणाच्या डब्यातली चटणी पळवली नाही, कुणी कुणाला ढकललं नाही. हात धुऊन, तोंडं पुसून ती वर्गांकडं परत निघाली तेव्हा सुट्टी निम्मीसुद्धा सरली नव्हती.

"बघा टीचर," प्राचार्य साळवे सर कौतुकानं म्हणाले, "कावळ्यांनीसुद्धा शाळेत यायचं सोडलं. काही सांडतच नाही बिचाऱ्यांसाठी!"

सलोमी उजागरे हसली. हसायलाच हवं होतं, कारण हे सगळं तिचंच काम होतं. प्रवरेच्या कालव्याकाठच्या या ख्रिस्ती शाळेचा नवा अभ्यासक्रम तिनं आखला होता. 'पुस्तकं पाठ करणारी नकोत, माणूस म्हणून भरलेली मुलं द्या,' असं विश्वस्तांनी सांगितलं होतं. म्हणून तिनं गणित आणि भाषांच्या जोडीला सुतारकाम ठेवलं, चार आवाजांतलं गायन ठेवलं, आकाशनिरीक्षण, वादविवाद, दवाखान्यातल्या आजाऱ्यांच्या भेटी ठेवल्या. नववीला तर एक अख्खं सत्र घरापासून दूर: कुणी जंगलातल्या केंद्रावर, कुणी हातमागावर, कुणी रत्नागिरीहून सुटणाऱ्या समुद्रशाळेत, म्हणजे शिडाच्या जहाजावर. आणि या सगळ्या पसाऱ्याला शीलाच्या धाग्यात ओवायला होतं मुलांच्या मनगटावरचं राखाडी कडं.

कड्यामागचा शोध तसा साधा होता. मनाला टोचणी लागते ती आपल्याला कळण्याआधी शरीराला लागलेली असते. नाडी अडखळते, तळव्याला घाम येतो, श्वास अर्ध्यावर थांबतो. कडं हे सगळं वाचायचं आणि भोवतालचं बोलणं ऐकून प्रसंग कोणता तेही ओळखायचं. पण मुलांचं मन कच्चं. त्यांची टोचणी पुसट आणि उशिरा येणारी. म्हणून आधी एका मोठ्या माणसानं सत्रभर कडं घालायचं. त्या माणसाचं मन कशाकशानं खातं हे यंत्र शिकून घ्यायचं. याला 'मूळ नमुना' म्हणत. पुढं एखाद्या मुलावर तसाच प्रसंग आला की कडं त्याचं मनगट हळूच दाबायचं, आईनं गर्दीत हात दाबावा तसं. एकदा शरीरानं मान्य केलं की मागोमाग मनालाही वाईट वाटायचंच. आणि कडं गप्प राहिलं की मुलं समजायची, यात काही वाईट नाही.

मूळ नमुना कुणी व्हायचं यावरून दोन वर्षांपूर्वी शिक्षकांची सभा अडून बसली होती. दुसऱ्या एखाद्या शाळेत रांग लागली असती. इथं मात्र 'माझं शील नमुन्यादाखल घ्या' म्हणायला कुणाची जीभ रेटेना. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "बाबांनो, आपण सगळेच पापी." विज्ञानाचे ओहोळ सर म्हणाले, "माझा नमुना घ्याल तर पोरं एकमेकांची टाळकी फोडतील आणि कडं गप्प बसेल." सगळे नम्रपणे सतरंजीकडं बघत राहिले. शेवटी साळवे सर म्हणाले, "सलोमी टीचर, अभ्यासक्रम तुमचा. तुम्हीच घाला."

'नाही' म्हणायलासुद्धा तिला अपराधी वाटलं. म्हणून ती 'हो' म्हणाली.

त्या दुपारी, मधली सुट्टी संपताच, ती वर्गावर जायला निघाली, तर दारात पारधेबाई उभ्या. भाजीबाजारातून परस्पर आल्या असाव्यात, पिशवीतून शेवग्याच्या शेंगा डोकावत होत्या. शेजारी त्यांची मुलगी, नववीतली यमिमा, मान खाली घालून.

"जय ख्रिस्त, टीचर. हिला काय झालंय ते आता तुम्हीच सांगा. चौथीपासून समुद्र समुद्र करून डोकं खाल्लं माझं. पिंपात नावा सोडायची, प्यायचं पाणी खराब करायची. आता जहाजावर जागा मिळाली, सोमवारी निघायचं, तर म्हणते, नाही जायचं."

"आईला एकटीला टाकून कसं जाऊ, टीचर?" यमिमा पुटपुटली.

"एकटी?" पारधेबाईंचा आवाज चढला. "घरात नऊ माणसं आहेत! मला मेलीला आंघोळीलासुद्धा एकटीला मिळत नाही!"

"मला जावंसं वाटतं," यमिमा म्हणाली. "पण वाटायला लागलं की कडं दाबतं. मग पाप केल्यासारखंच होतं."

सलोमीनं तिला जवळ बसवलं. नववीतल्या बाकीच्यांनी दूरचं सत्र आधीच नाकारलं होतं. घरची ओढ असेल, पुढच्या वर्षी जातील, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती.

"आणि दुसरंच एक खूळ," पारधेबाई सांगत होत्या. "दुपारी हिचे आजोबा आडवे झाले की ही त्यांच्या नाकापुढं बोट धरते. श्वास चाललाय का बघते! परवा ते दचकून उठले. म्हणाले, अगं, आहे मी अजून, एवढी घाई काय तुला?"

सलोमी हसली नाही. तिनं यमिमाच्या बोटाकडं पाहिलं.

"आजोबांची एवढी काळजी, पण आजीला मात्र काय तोडून बोलते! 'तुला नाही कळायचं, आजी. सांगितलं तेवढंच कर.' ही भाषा आमच्या घरात नव्हती हो."

हे शेवटचं सलोमीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ती त्या बोटापाशीच अडकली होती. तिनं कडं घातलं त्या सत्रात तिची रिबेका चार महिन्यांची होती. शाळेतून घरी गेलं की ती आधी पाळण्याशी जायची आणि झोपलेल्या रिबूच्या नाकापुढं बोट धरायची; बोटाला श्वास जाणवेपर्यंत मन खात राहायचं. नवऱ्यालासुद्धा हे ठाऊक नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत ती बसून जेवायची नाही. बाळाला सोडून निवांत जेवणारी आई कसली? उभ्या उभ्या दोन घास गिळायची. आणि रोज सकाळी सासूच्या कडेवरून हात पसरून रडणाऱ्या रिबूकडं पाठ फिरवताना तिचं काळीज पिळवटायचं.

कड्यानं हे सगळं मन लावून शिकून घेतलं होतं.

ती यमिमाला घेऊन प्रयोगशाळेत गेली, तेव्हा ओहोळ सर परीक्षानळ्या पुसत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तर्क नको. करून बघू." त्यांनी यमिमाला स्टुलावर बसवलं. "टीचर प्रसंग सांगतील. तू डोळे मिटून तो समोर आण. शब्दांतून उभा केला तरी कड्याला तो कळतो. दाबलं की बोट वर कर."

"तू पोटभर जेवलीस," सलोमी म्हणाली, "आणि तुला छान झोप लागली."

बोट वर गेलं.

"मैत्रिणींबरोबर इतकी हसलीस की घर विसरून गेलीस."

बोट वर.

"कुणीतरी दारात उभं राहून तुला हाक मारतंय, आणि तू पाठ फिरवून चाललीस."

यमिमानं कळवळून मनगटच धरलं. ओहोळ सरांनीच पुढचा प्रसंग घातला. "शेजारणीच्या कंपासमधलं पेन आवडलं. गुपचूप उचललंस."

बोट खालीच.

"उचललंस, आणि आळ दुसरीवर घातलास."

काही नाही. ओहोळ सरांनी चष्मा काढला. "चोरी चालते?"

"त्या सत्रात मी चोरी केलीच नव्हती, सर," सलोमी म्हणाली. "त्याचं वाईट कसं वाटतं, हे कड्याला शिकायलाच मिळालं नाही."

यमिमानं डोळे उघडले. "म्हणजे कड्यात तुम्ही आहात, टीचर?"

सलोमीनं मान डोलावली. इथंच थांबावं असं तिला फार वाटलं. पण पारधेबाईंचं आजीबद्दलचं ते वाक्य आता कानात घुमायला लागलं होतं.

"आजी काहीतरी सांगत होती," ती सावकाश म्हणाली. "तू तिला मध्येच तोडलंस. म्हणालीस, तुला नाही कळायचं."

बोट हललं नाही.

"आजीचा चेहरा उतरला. ती गप्प आत निघून गेली."

"दाबत नाहीये, टीचर," यमिमा निरागसपणे म्हणाली.

त्या सत्रात सलोमीनं चोरी केली नव्हती. पण सासूला तर ती रोज बोलत होती. दूध असं नाही, तसं गरम करा. तिला तेल लावू नका. तुम्हाला नाही कळायचं, आई. दिवसभर तिचं लेकरू सांभाळणाऱ्या बाईला ती रोज टाकून बोलली होती, आणि एकदाही तिची नाडी अडखळली नव्हती. अडखळली असती तर कड्याला कळलं असतं.

"टीचर, पाणी देऊ?" ओहोळ सरांनी विचारलं.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा सासूबाई ओसरीवर रिबूला वरणभात भरवत होत्या. रिबूच्या तोंडात गेला तेवढाच फरशीवर सांडला होता. सलोमी चप्पल न काढताच पायरीवर बसली.

"आई, मी तुम्हाला तोडून बोलते का हो?"

"छे," सासूबाई घास कालवत म्हणाल्या. "तू बोलतेस कुठं? तू सूचना देतेस."

"मला कधी म्हणाला का नाहीत?"

"म्हणणार काय? तुझा जीव थाऱ्यावर नसायचा, दिसत होतं ना. एक माणूस रडवेलं असताना दुसऱ्यानं आपलं रडगाणं कुठं काढायचं?" मग रिबूकडं वळून, "खा गं बाई, आईकडं काय बघतेस? ती कुठं पळून जात नाही."

सलोमीला माफी मागायची होती. पण मागितली तर आपल्यालाच हलकं वाटेल; त्यांना काय मिळेल, हे तिला कळेना. ती फडकं आणून सांडलेला भात पुसत बसली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधीच ती साळवे सरांच्या खोलीत गेली. सरांनी शांतपणे ऐकलं, आणि शांतपणेच म्हणाले, "टीचर, तुम्ही स्वतःला लावून घेता. पोरं वेळेवर येतात. मारामाऱ्या नाहीत. आसपासच्या पाच ख्रिस्ती मंडळ्यांच्या शाळा आपला अभ्यासक्रम मागताहेत. नमुना कुणाचा का असेना, मुलं सुधारली ना?"

"सुधारली नाहीत, सर. ती सलोमी झालीत."

"मग बिघडलं कुठं? तुम्ही काही वाईट आहात का?"

"मी त्या सत्रात घाबरलेली होते," ती म्हणाली. "काहीही केलं तरी मला बाळाला टाकल्यासारखं वाटायचं, म्हणून जेवले, हसले तरी मन खायचं. त्याला आपण सद्सद्विवेक समजलो. आणि जिथं खरंच लाज वाटायला हवी होती तिथं मला काहीच वाटलं नाही. आता पोरांनाही वाटत नाही." आणि तिनं प्रयोगशाळेत आजीच्या प्रसंगाला काय झालं ते सांगितलं.

टेबलावरच्या काचेखाली साळवे सरांच्या घरातला नाताळचा फोटो होता, त्यावर त्यांनी तळवा ठेवला.

"माझी नात इथंच सातवीत आहे," ते म्हणाले. "हल्ली आजीला म्हणते, 'तू मध्ये बोलू नकोस.' आमची ही रडते. मीच तिला समजावतो, अगं, वय आहे पोरीचं." त्यांनी फोटोवरचा हात काढून घेतला. "दीड वर्ष मी वयाला दोष देतोय."

त्या दिवशी प्रार्थना संपल्यावर वर्गावर्गातून मुलांच्या मनगटावरची कडी काढून घेतली गेली. मुलांनी आनंदानं आरडाओरडा करावा अशी सलोमीची फार इच्छा होती. काहींनी केलाही. पण बरीचशी मुलं मोकळं मनगट दुसऱ्या हातानं दाबत उभी राहिली. पाचवीतली एक मुलगी रडत विचारत होती, "आता मी वाईट वागले तर मला कोण सांगणार?"

पुढं काय करायचं यावर शिक्षकांत वाद झडले. ओहोळ सर म्हणत, नमुना एकाचा नको, साऱ्या गावाचा घ्या, भांडखोरांचासुद्धा. पाळकसाहेब म्हणत, नमुनाच नको. मुलांना चुकू द्या आणि चुकल्यावर जवळ बसा, एवढाच अभ्यासक्रम. सलोमी दोघांचं ऐकत होती. तिच्यासमोर आखलेल्या तासिकांचा भलामोठा तक्ता होता आणि त्यातला कोणता तास आपल्या भीतीनं ठेवला आणि कोणता मुलांसाठी, हे तिला सांगता येत नव्हतं.

सोमवारी सकाळी रत्नागिरीची जीप शाळेच्या फाटकाशी आली. अख्खं पारधे घराणं पोचवायला हजर होतं. आजोबा ड्रायव्हरला घाटातली वळणं समजावत होते. आजीनं लाडवांचा डबा यमिमाच्या हाती दिला, तेव्हा यमिमा वस्सकन म्हणाली, "एवढे कशाला, आजी? तुला ना..." आणि थांबली. तिनं आपल्या रिकाम्या मनगटाकडं पाहिलं, मग आजीकडं. "दे," ती म्हणाली. "जहाजावर सगळ्यांना देईन."

पारधेबाई पदरानं डोळे पुसत हसत होत्या. "जा बाई, जा! घरात तेवढीच एक जागा मोकळी झाली!"

यमिमानं एक पाय जीपच्या पायरीवर ठेवला आणि ती तशीच घुटमळली. मग तिनं सलोमीला खुणेनं जवळ बोलावलं.

"टीचर, आईकडं बघितलं ना, की अजूनही आत काहीतरी दाबतंय." ती इतकं हळू बोलत होती की सलोमीला वाकावं लागलं. "कडं तर तुम्ही काढलंत. मग हे माझं आहे की तुमचंच राहिलंय? माझं असेल तर मी थांबते. तुमचं असेल तर मी जाते."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. 'जा' हा शब्द सलोमीच्या ओठांवर आला होता. पण तो यमिमासाठी होता, की आपल्या डोक्यावरचा भार उतरावा म्हणून? मुलगी तिच्या तोंडाकडं बघत थांबली होती. आणि सलोमी स्वतःच्याच छातीत चाचपत होती: जी टोचणी आजवर आपली म्हणून जपली, ती तरी आपल्या मनगटावर कुणी, कधी चढवली होती?