सव्वासहा पौंडांची रायफल

सुलेखा वर्तक गुरुदत्त कारखानीसच्या ऑफिसात शिरली आणि तिने टेबलावर रायफल ठेवली. कारखानीसचा मदतनीस विष्णू टेबलाखाली गेला.

"रिकामी आहे," ती म्हणाली.

"मी पेन शोधतोय," विष्णू खालून म्हणाला.

१९८६चा ऑक्टोबर, शनिवारची दुपार. कारखानीस हा न्यू जर्सीच्या पार्सिपनीतला एकमेव मराठी खासगी गुप्तहेर. दुसऱ्याची गरज अजून कुणाला भासली नव्हती.

सुलेखा भूलतज्ज्ञ, उंची पाच फूट. पेनसिल्व्हानियाचे डोंगर चढून हरणांची शिकार करायची, तर साडेआठ पौंडांची रायफल झेपेना. म्हणून तिने कॅटलॉगमधून वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग मागवले: फायबरग्लासचा दस्ता, हलका चाप, खांद्याला रबरी गादी. वजन सव्वासहावर आलं.

"दस्ता लाकडाचाच दिसतोय," कारखानीस म्हणाला.

"अक्रोडासारखा रंगवून घेतला. फायबरग्लास बघून शिकारी क्लबातले हसतात. हे फक्त हँकला माहीत, ज्याने भाग बसवले. घरी रायफलबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही."

"बिघडलं काय?"

"क्लबात आजवर एकही बाई सभासद नाही. आज सकाळी माझी चाचणी होती. शंभर यार्डांवरून तीन गोळ्या, पत्त्याएवढ्या चौकोनात. पहिली बरोब्बर मध्ये. दुसरी वर. तिसरी त्याच्याही वर. अध्यक्ष म्हणाला, बायकांचे हात थरथरतात. माझे हात थरथरले असते तर न्यू जर्सीतले निम्मे पेशंट ऑपरेशनमध्ये उठून बसले असते!"

"आता?"

"उद्या दुपारी शेवटची संधी. क्लबची रायफल देतो म्हणाले. मी नाही म्हटलं. मारीन तर हिनेच! महिन्यापूर्वी ही सरळ मारत होती. मध्ये कुणीतरी हात लावलाय."

कारखानीसने दस्त्यावरच्या लालसर डागावर बोट ठेवलं.

"पिवळा होता," सुलेखा म्हणाली. "साबणाने पुसला, तर लाल झाला."

"गंज," विष्णू म्हणाला.

"फायबरग्लासला?"

"अमेरिकेत काहीही होतं."

हँक दुकानातच भेटला. "मंगळवारी मी स्क्रू तपासले. आणि हो, मला तिचा राग येतो. माझा मेव्हणा त्याच चाचणीत दोनदा नापास झालाय. पण काम चोख आहे. नळी पुढे दस्त्याला कुठेच टेकत नाही. मधल्या फटीत डॉलरची नोट घाला, टोकापासून मुळापर्यंत सरकते. माझंच काम मी का बिघडवू?"

सुलेखाचा नवरा पुरुषोत्तम घरी सोफ्यावर होता. "मंडळात लोक मला शिकाऱ्याची बायको म्हणतात, यार. पण रायफल बेसमेंटच्या कपाटात असते, किल्ली फ्रिजवर, आणि मी दोन्हीच्या वाटेला जात नाही. मी पेपर हलवला तरी तिला कळतं."

सासरे त्र्यंबकनाना दारातच पानं घेऊन उभे राहिले. "उशिरा का होईना, दसऱ्याचं सोनं घ्या. इथे आपटा मिळत नाही, मेपल चालवून घेतो."

"नाना, रायफल..."

"त्या वस्तूला मी शिवतसुद्धा नाही! घरातल्या सुनेने हरणं मारायची? आणि बंदूक तरी कसली, नुसता पोकळ डबा!"

रविवारी सकाळी कारखानीसने वर्तकांच्या हॉलमध्ये सगळ्यांना बसवलं. हँकही आला, कारण पोहे होते.

"विष्णू, एक डॉलर दे."

"परत मिळेल?"

नोट नळीखालून सरकली आणि मध्येच अडली. कारखानीसने दातकोरण्याने फट कोरली. टेबलावर काहीतरी लाल पडलं.

"तांदूळ," तो म्हणाला. "गोळी झाडली की नळी तापते, या दाण्यावर रेटली जाते आणि वर ढकलली जाते. म्हणून पहिली गोळी सरळ, पुढच्या वर वर. आता प्रश्न एवढाच, की तांदळाचा हा तुकडा..."

"तुकडा?" नाना उसळले. "शक्यच नाही! अक्षता मी एकेक निवडून अखंड घेतो!"

विष्णूने हे वाक्य लिहून घेतलं.

"गोळीच्या धक्क्याने मोडला असेल, नाना," कारखानीस नम्रपणे म्हणाला. "साबणाने लाल होणारा पिवळा डाग म्हणजे हळद. त्यामुळे हँक सुटला. त्याच्या दुकानात हळद नाही, आणि तो पूजा करायचा नाही. पुरुषोत्तमला मंडळाची भीती आहे, पण हळद-कुंकू लावून कुणी घातपात करत नाही. उरलात तुम्ही. दस्ता लाकडाचा दिसतो. पोकळ डबा आहे हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही. आणि तुम्ही तर शिवतही नाही म्हणालात."

नाना ताठ उभे राहिले. "केली पूजा! खंडेनवमीला पाच पिढ्या आम्ही विळी आणि अडकित्ता पुजला. पहिल्यांदा घरात खरं शस्त्र आलं, ते तसंच ठेवू?"

"मग मला सांगायचं ना!" सुलेखा ओरडली.

"कसं सांगणार? मी विरोधात आहे!"

दुपारी क्लबात पुरुषोत्तमसमोर सुलेखाने क्लबची रायफल पुन्हा नाकारली. तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही भोकं एका बटणाने झाकली गेली असती. अध्यक्षाने दुर्बिणीतून तीनदा पाहिलं. मग त्याने दुर्बीण पुसून पाहिलं. शेवटी नाइलाजाने सभासदत्वाचा कागद पुढे केला.

"एक जुना नियम आहे," तो खाकरत म्हणाला. "वार्षिक जेवणाला बटाट्याचं सॅलड सभासदांच्या बायका आणतात. आता तुमच्या बाबतीत..."

"माझ्या बाबतीतही तेच," सुलेखा सही करत म्हणाली. "पुरुषोत्तम, किती माणसं आहेत ते विचारून घे."