तलावाहून खोल

परळीहून पाणबुड्याचा पंप धर्मापुरीकडच्या एका जुन्या तलावावर न्यायचा, बसवायचा आणि काम झालं की परत आणायचा, एवढंच माझं काम होतं. निजामाचं राज्य होतं. पंप तामीरात खात्याचा, म्हणजे सरकारी बांधकामवाल्यांचा. पण त्याच्या झडपा शिवलिंगप्पानंच, म्हणजे मीच, लावाव्यात असं ओव्हरसियर सुंदरराव म्हणायचे, आणि मला ते ऐकायला बरं वाटायचं. बैलगाडीत पंपाशेजारी पाय पसरून बसलो होतो. दोन्ही बाजूंना ज्वारी हिरवीगार होती, वारं गोड होतं. त्या सकाळी मनात भीती म्हणून नव्हती.

हस्ताचा पाऊस लई झाला होता. तलाव काठोकाठ भरला होता आणि पाणी सोडायची मोरी बंद पडली होती. बांध एका जागी पाझरायला लागला होता, आणि बांधाखाली अख्खं गाव. मोरीचं दार तळाशी. ते उघडायला बंकट उतरणार होता.

बंकट गोदावरीकाठचा भोई, गेवराईकडचा. पितळी टोप घालून पाण्यात चालणारा आमच्या भागात तो एकच. त्याची बायको सुभद्राबाई प्रत्येक कामावर सोबत यायची आणि तो वर येईस्तोवर काठावर बसून राहायची.

पंप म्हणजे लाकडी पेटी. दोन्ही बाजूंना मोठी चाकं, ती चार गडी फिरवणार; हवा नळीतून खाली टोपात जाणार. वर घड्याळासारखी तबकडी. पाणबुड्या जितका खोल, तितका तिचा काटा पुढं. आणि शेजारी दाबाची झडप. हवा नको इतकी तुंबली तर ती आपोआप उचलते, फुस्स करून जास्तीची हवा सोडते आणि नळी फुटू देत नाही. आम्ही तिला शिट्टीच म्हणायचो.

तलाव जास्तीत जास्त पाच पुरुष खोल, म्हणजे पाच माणसं एकावर एक उभी राहतील एवढा. मी नळीचं तोंड बंद केलं, चाकं हळू फिरवायला लावली आणि शिट्टीचा स्क्रू थोडा थोडा पिळत गेलो. सहा पुरुषांच्या खुणेवर ती उचलली. काटा मागं घेऊन पुन्हा पाहिलं. पुन्हा तिथंच उचलली. मग वरचा नट आवळला. इतकं नेमकं जमलं की मी स्वतःशीच हसलो.

दिवस कलायच्या आत काम आटपायचं म्हणून बंकट दुपारीच उतरला. त्याच्या कमरेचा दोर माझा गडी धोंडीराम याच्या हातात होता. खालून एक हिसका आला की 'बरं हाय', चार आले की 'वर ओढा'.

काटा पाचवर आला आणि थांबला. चाकं संथ फिरत होती. चामड्याचा, तेलाचा आणि ओल्या चिखलाचा वास येत होता. मी तंबाखू काढली.

मग शिट्टी वाजली.

फुस्स... फुस्स...

पहिल्यांदा वाटलं, कचरा अडकला. झडपेची दांडी उचलून हवा मोकळी सोडली, म्हणजे कण उडून जातो. दांडी सोडली, तरी ती वाजतच होती. स्प्रिंग ढिली पडली म्हणावं, तर नट जागचा हलला नव्हता. तेव्हा मी तबकडीकडं पाहिलं. काटा सहाच्या पुढं गेला होता. तबकडीच बिघडली असेल म्हणून पंपाच्या दुसऱ्या तोटीवर जवळची दुसरी तबकडी लावली. तिचाही काटा तिथंच जाऊन टेकला.

"धोंडीराम, दोर किती गेला?"

"मघाशी होता तेवढाच हाय, अप्पा. वीतभरबी सरकला न्हाई."

"त्याला विचार."

धोंडीरामनं दोर ओढला. खालून एक हिसका आला. सावकाश, निवांत. बरं हाय.

सुभद्राबाई उठून माझ्याजवळ आली. "अप्पा, शिट्टी कावून वाजायली?"

झडप बरोबर होती, तबकड्या बरोबर होत्या. दोन्ही सांगत होत्या की बंकट तलावाच्या तळाच्याही खाली आहे, आणि अजून उतरतो आहे.

सुंदरराव वाकून काटा बघत होते. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "अप्पा, नळी जुनी आहे. शिट्टी आवळली तर फुटेल."

"आणि नाही आवळली तर हवा इथंच निघून जाईल, साहेब. तो खरंच तेवढा खाली असेल तर पाणी त्याला चेपून टाकेल."

"पण तेवढं पाणीच नाही इथं..."

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा काट्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "तुम्हाला वाटेल ते करा. जबाबदारी माझी."

मी नट सोडला आणि स्क्रू आत पिळला. शिट्टी थांबली. ती शांतता मला आवाजापेक्षा वाईट वाटली. चाकं जड झाली, गडी छाती लावून फिरवायला लागले. काटा दहाच्या पुढं गेला. नळी फुगून ताठ झाली होती; मी तिच्यावर तळवा ठेवला तर गरम लागली.

"ओढ," मी म्हणालो. "पण हळू."

धोंडीराम दोर घेत गेला. तेवढ्यात बांधाच्या पलीकडून, खालून, पाण्याचा धो धो आवाज आला. मोरी उघडली होती. गावातली माणसं ओरडत बांधावर पळत आली. आमच्यातलं कुणी वळून पाहिलं नाही.

पितळी टोप पाण्याबाहेर आला. उन्हात चमकला. बंकट गुडघाभर पाण्यात उभा होता, सगळ्यांना दिसत होता... आणि काटा अजून आठावर.

मी पळत गेलो, टोपाची काच फिरवून काढली. आतून लांब उसासा टाकल्यासारखी हवा बाहेर आली. मागून धोंडीराम म्हणाला, "अप्पा... काटा पडला."

बंकटचा चेहरा ताजा होता. झोप काढून उठलेल्या माणसाचा असतो तसा.

"कुठं गेलतास?" मी विचारलं.

"दार आधी थोडंच सरकलं. त्याच्या मागं पायऱ्या हायत, अप्पा. उतरलो."

"अंधारात?"

"न्हाई... उजेड बरा होता."

"कुणी होतं?"

त्यानं जरा विचार केला. "दिसलं न्हाई कुणी. पर पायऱ्या झाडलेल्या होत्या."

सुभद्राबाईनं त्याचा हात धरला तो त्या दिवशी सोडला नाही.

गाव वाचलं. रात्री येसराची आमटी आणि गरम भाकरी घेऊन बायका आल्या, बंकट पोटभर जेवला, मीही जेवलो. पुढं आमचा जिव्हाळा वाढला. त्यानं पाण्याचं काम सोडून गेवराईला टरबुजाच्या वाड्या केल्या. दर उन्हाळ्यात माझ्याकडं टरबुजं यायची. दोघांचं बरं चाललं. सुभद्राबाई एकदा म्हणाली, "त्या दिसापून ह्यांना राग म्हणून येत न्हाई, अप्पा. कधी कधी मलाच भ्या वाटतं."

मग काही वर्षांनी मोठा दुष्काळ पडला आणि तलाव आटला. बंकट परळीला आला. म्हणाला, "चला, बघून येऊ." मलाही बघायचंच होतं.

भर उन्हात आम्ही तळाच्या भेगाळलेल्या चिखलावरून मोरीपर्यंत चालत गेलो. दार उघडंच होतं. त्याच्या मागं दगडी पन्हळ, मांजर जाईल एवढी. पायरी नव्हती. मी काठीनं सगळीकडं ठोकून पाहिलं. टणक जमीन होती. मला हायसं वाटलं.

बंकट दाराच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला होता, नुसता, हात मागं बांधून. मी त्याच्याजवळ गेलो.

आणि माझ्या कानांना दडे बसले.

पाणबुड्याला खोल उतरताना बसतात, तसे. आधी उजवा, मग डावा. पाखरांचा आवाज गेला, वाऱ्याचा गेला. छातीवर चारी बाजूंनी कुणी हळूहळू तळवे दाबावेत तसं व्हायला लागलं. डोक्यावर कोरडं आभाळ होतं.

बंकट माझ्याकडं बघून हसला. त्याचे ओठ हलले, ते मला लांबून ऐकू आले.

"गिळा, अप्पा. आवंढा गिळा... म्हणजे पुढं जाता येतं."

मी एक पाऊल मागं घेतलं. कान मोकळे झाले.